नाकावर बसलेलं विमान

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वेळेवर जेवतोस ना? मी ठणठणीत आहे. दोन महिन्यांपूर्वी पेपरातला फोटो पाहून तू फोनवर एवढा ओरडलास की माझं सांगायचं राहूनच गेलं. (नाक जमिनीत खुपसलेल्या विमानाशेजारी पर्स छातीशी धरून उभी असलेली ती बाई मीच. केस तरी नीट दिसतायत, असं शेजारीण म्हणाली.) म्हणून आता सविस्तर लिहिते. पत्रावर कोणाला ओरडता येत नाही.

झालं असं, की मी विमान चालवायला शिकते त्या फ्लाइंग क्लबच्या जुन्या विमानात माझी सीट पुढे-मागे करताना कुईकुई करायची. बावीस वर्षं शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईला कुरकुरणारं काही सहन होत नाही, हे तुला ठाऊक आहे. एके दिवशी मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पर्समधून नेली आणि सीटखालच्या पट्टीवर कोणाला न विचारता चांगलं सढळ हाताने तेल सोडलं. आवाज बंद! मला कोण आनंद झाला. पण ते तेल सीट अडकवायच्या खिट्टीपर्यंत उतरलं, त्यात धूळ चिकटली आणि खिट्टी भोकात अर्धीच बसू लागली.

पुढच्या धड्याला विमान अगदी टेकणार, तेवढ्यात माझी सीट सुळ्ळकन मागे गेली. हातात विमान वर-खाली करायचा दांडा घट्ट धरलेला, तोही माझ्याबरोबर मागे आला, आणि विमानाने नाक वर केलं. शेजारी बसलेले कॅप्टन (आमचे मास्तर, एरवी फार हळू बोलतात) ओरडले, "बाई, पुढे ढकला!" मी म्हटलं, "मीच मागे आलेय!" मग आम्ही आपटलो, उसळलो आणि नाकावर बसलो. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. आम्हा दोघांना ओरखडासुद्धा नाही.

चौकशीला विमान खात्याचे साहेब आले. कॅप्टन भले गृहस्थ, माझ्यासाठी सगळा दोष वाऱ्यावर ढकलू लागले. पण सीट तपासल्याच्या कागदावर सही मेकॅनिकची होती, म्हणजे ठपका त्याच्यावरच येणार. तो कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. माझ्याने राहवेना. पर्समधून बाटली काढून सरळ टेबलावर ठेवली. साहेबांनी बूच उघडून वास घेतला. मग म्हणाले, "तीस वर्षांत हे कारण पहिल्यांदाच लिहितोय." मेकॅनिक सुटला. मला महिनाभर बंदी आणि क्लबच्या सगळ्या सीटना नवी कव्हरं शिवून द्यायची शिक्षा. शिवली. अशी सुबक बसलीत की कॅप्टनही हात फिरवून बघतात. मेकॅनिक आता मला चहा पाजतो, पण चहा संपेपर्यंत माझी पर्स स्वतःच्या ताब्यात ठेवतो.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. परीक्षा पास झाले, लायसन्स मिळालं! पहिला प्रवासी घरचाच असावा अशी फार इच्छा आहे. रविवारी सकाळी ये. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. पहिला म्हणजे तसा दुसरा. गेल्या रविवारी वहिनी तुला म्हणाली तशी तिच्या बहिणीकडे गेली नव्हती.