आवाजाची दुरुस्ती

प्रिय भाऊजी,

…दूध तापत ठेवलं, दोन बादल्या पाणी भरून घेतलं, शिवायला आलेल्या पडद्यांची टोकं टाचून ठेवली, हात पुसले आणि रोजच्यासारखा लॅपटॉप उघडून तेविसावी फाईल लावली. खालची पट्टी सरकायला लागली, सेकंद पुढे जायला लागले, पण आवाज नाही. बटण दाबून दाबून आवाज शंभरावर नेला, तरी नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या सकाळी घरात आवाज झाला तो तेवढाच.

बघा, नमस्कार लिहायचा राहिलाच. नात्याने मी मोठी म्हणून माझे आशीर्वाद, वयाने तुम्ही सव्वा वर्षाने मोठे म्हणून माझा नमस्कार. लागू पडेल तो ठेवून घ्या आणि उरलेला जाऊबाईंना द्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंनी ती दाढ काढली का, की अजून दोघी एकमेकींना सहन करतायत? माझी तब्येत उत्तम आहे. (डाव्या अंगठ्यात सुई गेली होती, पण ती मीच घातली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?)

आता आधी एक कबुली. लॅपटॉपचा आवाज गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, “वहिनी, तुम्हाला आवाज हवाय कशाला?” मी म्हटलं, गिऱ्हाइकांची मापं आहेत त्यात. हे खोटं होतं, आणि वाईट शिवलेलं खोटं होतं, कारण मापं काही आवाज करत नाहीत. मापं माझ्या वहीत आहेत. वहीला अपडेट लागत नाही. लॅपटॉपमध्ये तुमचे दादा आहेत.

तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत तीनच वर्षं गेले. अक्षरं माझी मीच लावली, दोऱ्यांच्या डब्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. पण अक्षर ओळखता येऊनही वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मी त्याची सुरुवात विसरायचे. तेव्हा तुमच्या दादांनी एक जाडजूड कादंबरी आणली आणि कामावर जायच्या आधी रोज थोडी लॅपटॉपमध्ये वाचून ठेवायला लागले. दुपारी शिवणयंत्र थांबवायचं, पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवून त्यांच्या आवाजामागून चालत जायचं, असं माझं शिक्षण झालं. आता या माणसाने तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून पेशंटांचे नंबर पुकारलेले. त्यामुळे प्रत्येक फाईल आपापल्या नंबराने, “नंबर सोळा, पुढे या” अशी सुरू होते, आणि नायिका घर सोडून निघते ते वाक्यसुद्धा तिला खोली नंबर सहामध्ये पाठवल्यासारखं वाचलंय. (मी रडायच्या बेतात होते, हसायलाच आलं. लेखकाने हे ऐकलं असतं तर लिहिणं सोडलं असतं.) पान संपलं की म्हणायचे, “उलट. उलटलंस?” आणि खरोखर थांबायचे. मी रिकाम्या घरात “हो” म्हणायचे. मग पुढचं वाचायचे.

अशा सदतीस फाइली आहेत. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. रोज एक ऐकते. सदतीस झाल्या की पुन्हा पहिली.

आता अपडेटचं. लॅपटॉप रोज विचारायचा, अपडेट करू का? मी “नंतर” दाबायचे. तुमचे दादाही “नंतर”च दाबायचे. संसारात बाकी कशावर आमचं एकमत झालं नाही, पण हे एक काम दोघांनी मिळून टाळलं. शेवटी त्या दिवशी यंत्राचाच धीर सुटला आणि त्याने न विचारता अर्धं काम उरकलं. नवी व्यवस्था आली, आणि आवाजाचा ड्रायव्हर जुनाच राहिला. (ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्याच्या स्वतःच्या स्पीकरची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, हे तुम्हीच सांगितलंत. दोघं इतकी वर्षं एका घरात राहून कुणीतरी ओळख करून द्यावी लागते, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.) तुम्ही फोनवर सांगितलेल्या सूचना मी पॅन्टच्या कागदी मापाच्या पाठीवर लिहून घेतल्या. पहिली, फाइलींची प्रत काढून ठेवा. दुसरी, कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवर जा, दुसऱ्या कुठल्याही नाही. तिसरी, खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर नीट वाचा. चौथी, आधी फर्मवेअर, मग ड्रायव्हर. पाचवी, चार्जर लावून ठेवा आणि मध्येच काही बंद करू नका. सहावी, कुणालाही हात लावू देऊ नका.

सहावी मी सगळ्यात आधी मोडली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार लॅपटॉप उघडायच्या आधीच म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारू. कोरा करकरीत होईल.”

“आणि आतलं?”

“आतलं काय, जुनं असतं ते. ठेवून काय करायचंय?”

मी म्हटलं, “बाबा रे, जुनी तर मीही आहे. मला कुठे टाकतोस?” आणि त्याच्या पेचकसाखालून लॅपटॉप ओढून घेतला. तो मागून हाका मारत होता. मला वाटलं थांबवतोय, म्हणून मी आणखी भराभरा चालले. घरी आल्यावर कळलं, चार्जर तिथेच राहिला होता. तो आणायला परत जाताना तोंड कसं करून जायचं, याचा मी वाटभर सराव केला.

मग शेजारच्या बाई आल्या. (भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्या कुठल्याही संकटात आधी पूर्व दिशा कुठली ते बघतात.) त्यांच्याकडे पेनड्राइव्ह होता, त्यावर सदतीस फाइली उतरवल्या. पेनड्राइव्ह म्हणजे बोटाच्या पेराएवढा. त्यात एवढा मोठा माणूस मावला यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून बघितला. फाइली दिसल्या, पण उघडेनात. तुमच्या दादांनी ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बोलून ठेवलंय तो आता कुणाकडेच नाही, फक्त याच लॅपटॉपमध्ये आहे. म्हणजे प्रत होती, पण तिला वाचा फोडणारं यंत्र जगात एकच, आणि ते मुकं. बाई म्हणाल्या, “अपडेट फसलं तर?” मी म्हटलं, बाई, चहा घ्या.

त्या गेल्यावर मी मापांची वही काढली आणि फसलंच तर निदान कागदावर काहीतरी असावं म्हणून सदतीस फाइली आठवून लिहिल्या. पुस्तकातला मजकूर नव्हे, तो पुस्तकात आहेच. बाकीचं. “नंबर चार: दोनदा खोकला, एकदा शिंक, नायकाच्या ऐवजी माझं नाव घेतलं.” “नंबर नऊ: खाली भाजीवाल्याची हाक. वाचता वाचता थांबून म्हणाले, कोबी आण.” (तो कोबी मी अजूनही महिन्यातून एकदा आणते. मला कोबी आवडत नाही.) “नंबर एकोणतीस: ‘हा परिच्छेद लांब आहे, घाबरू नकोस.’” लिहायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत दोन पडदे आखूड झाले.

मग मॉडेल नंबर. लॅपटॉपला मी गेल्या वर्षी जाड कापडाचं कव्हर शिवलंय, अस्तर लावून. ते उसवल्यावर तीन गोष्टी कळल्या. एक, आतला पंखा वर्षभर गुदमरत होता. दोन, तो घरघर करतो ती म्हातारपणाने नाही, माझ्यामुळे. तीन, चिठ्ठी घासली गेली आहे आणि शेवटचं अक्षर इंग्रजी बी आहे की आठ, ते भिंगातूनही कळत नाही. मी आठ धरून चालले. वेबसाइटवरून फाईल उतरवली, चालवली, तर लॅपटॉपने साफ सांगितलं की हे माझ्या मापाचं नाही. मला त्याचा फार आदर वाटला. माझी गिऱ्हाइकं मापाचं नसलेलंही घालून जातात आणि मग शिलाई उसवली म्हणून परत येतात.

मंगळवारी सकाळी बी धरून बसले. चार्जर लावला, बॅटरी भरली (ती आता जेमतेम दोन मिनिटं टिकते), दारावर पाटी लावली: “आत काम चालू आहे, बेल वाजवू नये.” फर्मवेअर म्हणजे यंत्राला जाग येताना सुचणारी पहिली गोष्ट, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि ती बदलताना वीज गेली तर यंत्र पुन्हा जागंच होत नाही, हेही म्हणाला होतात. ते दुसरं वाक्य तुम्ही जरा हळू सांगायला हवं होतं. मी बटण दाबलं. आकडे चढायला लागले. बारा टक्के झाले आणि जिन्यातून आवाज आला, “मेन बंद करतोय, पाचच मिनिटं!”

मी धावले. जिन्यातला दिवा दुरुस्त करायला वायरमन आला होता आणि त्याचा हात खटक्यावर होता.

“काकू, आधी ती कात्री खाली ठेवा,” तो म्हणाला.

(कात्री हातात आहे हे मला तेव्हा कळलं. पडदे कापायची मोठी.)

“आधी तू तो हात खाली घे.”

“आत कोणी आजारी आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “तू वीज घालवलीस तर जाईल.”

बिचारा चपला काढून आत आला. टेबलावरचा लॅपटॉप बघून मला चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं, पण आकडा एकेचाळीसवर बघून म्हणाला, “फर्मवेअर? मग थांबू या,” आणि स्टूल ओढून बसला. गडबड ऐकून बाईही आल्या. शंभर झाले आणि पडदा काळा पडला. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, भाऊजी. पंखा एकदा मोठ्याने ओरडला आणि गप्प झाला. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाई म्हणाल्या, “गेला वाटतं.” वायरमन त्यांच्यावर खेकसला, “असं बोलू नये, आजी!” (बाईंना काळ्या पडद्यापेक्षा ‘आजी’ जास्त लागलं.) मी काळ्या पडद्याकडे बघत बसले. दवाखान्यातही मी अशीच बसले होते, आणि तेव्हा मला कुणी काही दाबायलाही दिलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला उजेड आला. मग मी आवाजाचा ड्रायव्हर उतरवला, बसवला, यंत्र पुन्हा चालू केलं, आणि तेविसावी फाईल लावली. आवाज अजून शंभरावरच होता. “नंबर तेवीस, पुढे या!” अख्ख्या जिन्यात ऐकू गेलं. वायरमन उठूनच उभा राहिला. पान संपलं. “उलट. उलटलंस?” आणि ते थांबले. बाई माझ्याकडे बघतायत, वायरमन बघतोय. मी दोघांच्या देखत म्हटलं, “हो.”

तर असं सगळं सुखरूप पार पडलं. जाऊबाईंना दाढेसाठी लवंग धरायला सांगा आणि तुम्ही जिने चढू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. वर, सहावी सोडली तर, सगळं सूचनांप्रमाणे केल्याचा भास होतोय. बिघडलं तर लॅपटॉपला मागच्या स्थितीत नेण्यासाठी आधी एक खूण (रिस्टोअर पॉइंट) करून ठेवायला सांगितली होतीत, ती मी केली नाही. विसरले. रागावू नका, आणि नवा लॅपटॉप पाठवू नका.

ता. क. दोन. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. अकराव्या फाईलमध्ये चौथ्या मिनिटाला फोन वाजतो. तुमचा. तुमचे दादा रेकॉर्डिंग बंद करायचं विसरतात. “हं, बोल” म्हणतात, मग “नाही! खरंच?” आणि मग दोन मिनिटं दहा सेकंद हसतात. खुर्ची करकरते, चष्मा खाली पडतो. शेवटी म्हणतात, “हे तिला सांगू नकोस.” ती म्हणजे मीच असणार. मी कितीदा विचारलं, त्यांनी दाद दिली नाही. माझ्याकडे फक्त त्यांची बाजू आहे. तुम्ही काय म्हणाला होतात, ते मला लिहून पाठवा. फोनवर नको, लिहून, मी वाचीन. बोललात तसंच लिहा, सुधारू नका. फार हसण्यासारखं नसलं तरी चालेल. माझ्याबद्दल असलं तरीही.

ता. क. तीन. मंगळवारी रात्री पत्र इथपर्यंत लिहून झाल्यावर शेवटची, सदतिसावी फाईल लावली. त्यात एकोणिसावं प्रकरण अर्ध्यावर सोडून ते म्हणतात, “घसा बसलाय. उरलेलं उद्या.” तिथून पुढची पानं मी आजवर उघडली नव्हती. बुधवारी सकाळी पडदे देऊन आले, हातपाय धुतले आणि उरलेलं प्रकरण मोठ्याने वाचलं. दोन शब्द अडले.