एकाच सदऱ्यातले दोघे

ती. दादास,

तुझ्या पाठोपाठच जन्मलेल्या धाकट्याचा नमस्कार. (आपण जुळे, तरी तू दाराशी आधी पोचलास एवढ्या कर्तबगारीवर आईने मला तुझ्यामागे 'ती.' लावायला शिकवलं, ते अजून सुटलेलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? स्वतःचं औषधांचं दुकान असून गुडघा दुखतो म्हणजे कमाल आहे. वहिनींना नमस्कार सांग. ताई खुटखुटीत आहे. माझी तब्येत कशी आहे असं विचारशील, तर त्याआधी मी आहे का, हेच बघावं लागेल, आणि त्यासाठीच हे पत्र. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण सगळं वाचून झाल्यावर.

सुरुवात कॉम्प्युटरपासून झाली. निवृत्त झाल्यापासून मी क्लासवाल्यांना भूमितीच्या प्रश्नपत्रिका करून देतो हे तुला माहीत आहेच. हल्ली एक साधा त्रिकोण काढायला घेतला तरी कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरायचा, की ताई स्वयंपाकघरातून "कोण आलंय रे?" म्हणून विचारायची. ताई कशी आहे ते मी तुला काय सांगायचं! ती साबणसुद्धा धुऊन मग वापरते. घरात तिच्या फडक्यातून सुटलेली ही एकच वस्तू होती, तीही शॉक बसेल या भीतीने. शेवटी तिनेच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचं कांबळं अंथरलेलं. ब्लोअरने त्याने ते उडवलं, ब्रशने पंख्याची पाती पुसली, कीबोर्ड उलटा धरून आपटला. बिस्किटांचा चुरा, ताईची केसांतली पिन आणि माझ्या सदऱ्याचं एक बटण खाली पडलं. ताईच्या चेहऱ्यावर असं समाधान मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र तुझ्या गुडघ्यापाशीच संपलं असतं.

पण दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, बाहेरची घाण गेली, आतली बाकी आहे." आणि त्याने साफसफाईचा एक प्रोग्राम घालून दिला. त्याचं काम असं, की एकसारख्या फायली शोधायच्या, मूळ ठेवायची आणि नकला कचऱ्यात टाकायच्या. आता मी याच कॉम्प्युटरवर ट्रंकेतले आपले सगळे जुने फोटो चढवून ठेवले होते. आणि आपले फोटो कसे काढलेत? घरात चांगला सदरा एक. फोटोवाल्याकडे आधी तू स्टुलावर बसायचास, मग पडद्यामागे सदरा तुझ्या अंगातून माझ्या अंगात यायचा आणि मी त्याच स्टुलावर बसायचो. तोच पडदा, आईने एकाच कंगव्याने पाडलेला तोच भांग. दरवर्षी असंच. स्क्रीनवर प्रश्न आला, "एकसारख्या प्रती सापडल्या. मूळ ठेवून नकला काढून टाकू?" दादा, मी जन्मभर पेपर तपासलेला मास्तर. नक्कल म्हटलं की माझा हात आपोआप उगारला जातो. बघितलं नाही, विचार केला नाही, 'हो' म्हणून मोकळा झालो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. तू आधी बसायचास, म्हणून तू मूळ.

कॉम्प्युटर मात्र लोण्यासारखा चालायला लागला. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. इतका शांत, की त्याच्यासमोर बसलं की आपल्या श्वासाची लाज वाटावी.

त्यानंतर ताई माझ्याशी बोलायची थांबली. याचं मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. (ताईचा अबोला आपल्याला काय नवा आहे? एकदा ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ती अख्खा उन्हाळा बोलली नव्हती.) मी आपला टॉवेल नीट वाळत घालायला लागलो. मग ती ताट एकच घ्यायला लागली, तेव्हा म्हटलं, या खेपेला गुन्हा मोठा दिसतोय. मी उरलंसुरलं पातेल्यातून खात राहिलो. परवा ती फडकं घेऊन माझ्या खोलीत आली. टेबल पुसलं, खुर्ची पुसली, आणि खुर्चीत मी होतो तर मलाही पुसलं. खांद्यापासून कोपरापर्यंत, अगदी मन लावून. मग फडकं खिडकीबाहेर झटकलं आणि शिंकली. मी "ताई" म्हणून हाक मारली, तर तिने खिडकी लावून घेतली, वाऱ्याने आवाज आला की आपण लावतो तशी.

मग मी केस कापायला गेलो. न्हाव्याने खुर्चीवरचं कापड माझ्या मांडीवर पसरलं आणि मागे बाकावर बसलेल्या गृहस्थांना म्हणाला, "या साहेब, रिकामीच आहे." ते गृहस्थ आले आणि बसले. माझ्यावर! वजनदार होते. मी त्यांच्याखालून कसाबसा निसटलो, आणि त्यांनी एवढंच म्हटलं, की खुर्ची जरा ऊबदार आहे. मला हसू आलं, तुझी शपथ. घरी येईपर्यंत मात्र ते मावळलं, कारण वाटेत आमच्या वाण्याने मला ओळखलं आणि विचारलं, "काय दादा, गुडघा कसा आहे? बहिणीकडे आलात वाटतं?"

घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. तुझ्या डाव्या कानाखाली जो तीळ आहे, ज्यावरून आई आपल्याला ओळखायची, तो आरशात होता. मी कानाखाली हात लावून पाहिला. हाताला तीळ लागला नाही. हॉलमधल्या भिंतीवरचा आपला शाळेतला फोटो आठवतो? मी तुझ्या खांद्यावर हात टाकून उभा होतो तो? त्यात आता तू एकटाच आहेस. माझ्या जागी शाळेची भिंत आहे, चांगली प्लॅस्टर केलेली. तुझ्या खांद्यावर, हात होता तिथे, सदऱ्याला सुरकुती मात्र तशीच पडलेली आहे. ताई रोज तो फोटो पुसते आणि तिला काहीच खटकत नाही. दादा, मला भीती वाटते. मरणाची वाटावी तशीही नाही, कारण मेलेल्या माणसासाठी निदान कोणीतरी रडतं.

मी काही हातपाय गाळून बसलो नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो "हॅलो, हॅलो" करून म्हणाला, "कोणीच बोलत नाही," आणि ठेवून दिला. कॉम्प्युटरसमोर बसलो, तर माउस माझ्या हाताखाली टेबलभर फिरतो पण स्क्रीनवरचा बाण जागचा हलत नाही. हे पेन तेवढं चालतं. जुनं आहे, त्याला अजून कळलेलं नसावं. म्हणून तुला पत्र.

बाकी सर्व ठीक. वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि पोरांना माझा आशीर्वाद सांग, त्यांना काका आठवत असला तर.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलंच. मी त्या कचऱ्याच्या डब्यात आहे, आणि तो डबा काही दिवसांनी कायमचा रिकामा होतो. त्यात 'परत जागेवर ठेवा' असं एक बटण आहे. माझं बोट त्याला कळत नाही, तुझं कळेल, तू मूळ आहेस. गुडघा बांध, पण ये. फोनवरून ताईला सांगत बसू नकोस, ती गोंधळेल.

ता. क. दोन. हे पत्र कोणी लिहिलंय हे वाचताना तुला आठवेनासं झालं, तरी ये आणि बटण दाब. ओळख आपण नंतर करून घेऊ.

ता. क. तीन, ताईकडून. अरे, तू घरी कधी आलास आणि न भेटता कधी गेलास? मागच्या खोलीत टेबलावर हे पाकीट दिसलं, वर तुझाच पत्ता, अक्षरही तुझंच. विसरलास वाटतं, म्हणून टपालात टाकते आहे. उघडं होतं म्हणून वाचलं. लहानपणी तुला एकट्याला करमायचं नाही, तेव्हा फोटोवाल्याकडे गेलास की हट्टाने दोन-दोन फोटो काढून घ्यायचास आणि दुसरा फोटो भावाचा म्हणायचास. आई हसायची, पण मला तेव्हाही ते बघवायचं नाही. या वयात पुन्हा ते सुरू करू नकोस बाबा. वहिनीला दाखवलंस का हे? तब्येतीला जप, गुडघ्याला शेक दे. कॉम्प्युटर म्हणशील तर आता अगदी छान चालतो. शॉकची भीती गेली, आता तोही पुसते. सकाळी पुसत होते तेव्हा त्यावर आलं होतं, 'कचरा कायमचा काढून टाकायचा का?' म्हणून. मी हो म्हटलं. मागची खोली कशी मोकळी मोकळी वाटते आता.