प्राणवायूचा आग्रह

२ मे

संघपालनं आज जेवताना एक चकचकीत कागद माझ्यापुढं सरकवला. अंतराळवीर शिबिर— मुलांसाठी, कुटुंबांसाठी, ज्येष्ठांसाठीसुद्धा. तीन दिवस, मुकुंदवाडीतल्या एका मंगल कार्यालयात. "आई, आपण चौघंही जाऊ. प्रेरणाची फार इच्छा आहे." प्रेरणा, माझी नात, त्या वेळी मोबाइलवर मांजरी बघत होती. तिनं मान वर केली नाही.

खरं कारण मला माहीत आहे. जूनमध्ये संघपालची पुण्याला बदली. ते तिघं जाणार हे पक्कं. माझं काय, हे कुणी बोलत नाही. काल स्वयंपाकघरात रूपालीचा हळू आवाज ऐकला— "अहो, आईंना एकदा विचारा तरी." तो म्हणाला, "विचारतो गं." म्हणजे शिबिरात विचारणार बहुतेक.

माझं उत्तर तयार आहे. कुठल्या साड्या न्यायच्या तेही. गारखेड्याच्या या घरात प्रेरणाशिवाय मी काय करायचं— कुंड्यांशी बोलायचं?

३ मे

शिबिराच्या तारखा कशा ठरल्या ते कळलं. त्या तीन दिवसांत लग्नाचा मुहूर्त नाही, म्हणून कार्यालय रिकामं. अंतराळात जायचं कधी, ते पंचांगानं ठरवलं.

१६ मे

पहिला दिवस. सकाळीच नारिंगी डगले अंगावर चढवून आम्ही सगळे अंतराळवीर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. उड्डाण प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. वर पत्रा, बाहेर मे. कूलर होते, पण त्यांची तोंडं स्टेजकडे. स्टेजवर नवरानवरीच्या जागी पत्र्याचं रॉकेट. मागं थर्माकोलच्या 'शुभविवाह'मधला 'विवाह' काढला होता, 'शुभ' तेवढं ठेवलं होतं.

जेवणाच्या सुमाराला प्रमुख पाहुणे आले— आप्पासाहेब, कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष. रॉकेटपुढं नारळ फोडला. भाषणात आम्हांला दोनदा "वऱ्हाडी मंडळी" म्हणाले. सवय, दुसरं काय.

ते बोलत होते तेव्हा मी मनानं छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये होते. तिसरीत. सिस्टर बेनेडिक्ता वर्गात आली आणि म्हणाली, तीन माणसं चंद्राकडे निघाली आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्या मुली गुडघ्यांवर. मी मध्येच डोळे उघडून वर पाहिलं, दिसतात का म्हणून. छताला पंखा. "करुणा, डोळे उघडलेस?" "यस, सिस्टर." तिच्याकडे हो किंवा नाही, अधलंमधलं काही चालायचं नाही. घरी बरोबर उलटं. कुणाकडे जेवायला गेलं की आईचा नियम— पहिल्या दोन वेळा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धी पोळी घ्यायची. दोन्हीकडचे धडे मी मन लावून गिरवले. पुढं कुठला कधी वापरायचा ते सांगायला कुणी उरलं नाही.

१७ मे

आज मेलो! चौघंही.

शिकवायला गोकुळ सर आहेत, सोयगावकडचे, हसऱ्या चेहऱ्याचे. आम्हांला एका पत्र्याच्या डब्यात बसवलं आणि बाहेरून ओरडून सांगितलं, "यानातली हवा संपत आली. मास्क एकच. आळीपाळीनं घ्या. विचारलं की हो नाय तर नाय, लगेच."

मास्क रूपालीच्या हातात होता. तिनं तो माझ्यापुढं धरला. "आई, तुम्ही घ्या."

"नको, आधी प्रेरणाला दे."

"आजी, तू घे ना!"

"घ्या कुणीतरी," संघपाल म्हणाला.

"तूच घे बाबा, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तांबडा दिवा लागला. सरांनी दार उघडलं. "मावशी, पंगतीत बसलो का आपण? आग्रह करकरून मेले की सगळे!"

आमच्यानंतर बद्रीनाथराव म्हणून एका आजोबांचं कुटुंब. तेही गेलं— आजोबा मास्क धोतराला पुसून सुनेला देत होते तेवढ्यात. वाचले फक्त दोघे सख्खे भाऊ. त्यांचा जमिनीवरून दावा चालू आहे म्हणे. एकानं हिसकावला, दुसऱ्यानं ओढून घेतला, दोघंही टुणटुणीत बाहेर. सर म्हणाले, "बघा, असं पाहिजे."

दुसऱ्या फेरीत मी सिस्टरला स्मरलं. "आई, घेता?" "हो." वाचलो. मला टाळ्या.

मग जेवायला बसलो. संघपाल ताट घेऊन शेजारी आला. वांग्याची भाजी कालवत म्हणाला, "आई, येतेस का आमच्याबरोबर पुण्याला?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "नको रे. माझं इथं बरं आहे. तुम्ही जा."

पहिलं नको होतं ते. नुसतं पहिलं.

त्यानं मान हलवली. "बरं. तुझ्या मनाविरुद्ध नको." आणि मठ्ठा आणायला उठला. रूपाली म्हणाली, "आई स्पष्ट बोलतात ते बरं आहे."

१८ मे

आज पुन्हा विचारेल असं धरून बसले होते. जाताना गाडीत नाही. चहाला नाही. मी मुद्दाम दोनदा एकटी जाऊन बसले, त्याला सोपं जावं म्हणून. तो येऊन "आई, ऊन लागेल" म्हणाला आणि गेला.

समारोपाला आप्पासाहेब पुन्हा आले. मला पदक मिळालं. उत्तम संवादाचं. "मावशी लई लवकर शिकल्या," गोकुळ सर माइकवर म्हणाले. संघपालनं फोटो काढले. फोटोत मी हसते आहे.

२० मे

विचारलं नाही.

२१ मे

मुकुंदवाडीच्या मनकर्णाबाई ठरल्या. मुक्कामाला येतील, मला सोबत म्हणून. आज बघून गेल्या. "व्हय ताई, मला बी एकटीला करमत नाय." बाई गोड आहेत. तक्रारीला जागा नाही, हीच तक्रार.

संघपालला तरी दोष कसा देऊ? त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. लहानपणापासून आज्ञाधारक.

प्रेरणानं विचारलं, "आजी, तू का नाही येणार?"

"मी नको म्हटलं ना."

"मग आता हो म्हण."

एवढीशी पोर. मी तिची वेणी घालत राहिले. घट्ट झाली तरी ओरडली नाही. तिला झोप येईना तर मांडीवर घेतलं. पाय आता बाहेर जातात.

२३ मे

उद्या सांगणार. आरशापुढं म्हणून पाहिलं. तीन शब्द आहेत. पासष्टीला आलेली बाई, आणि शाळेत पाठ म्हणायला उभी राहिल्यासारखी.

२४ मे

सकाळी पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं— संघपाल, मला यायचंय पुण्याला.

रूपालीनं गॅस बारीक केला.

तो म्हणाला, "अगं, पण घर एका खोलीचं घेतलंय आई."

"कधी?"

"एप्रिलमध्येच."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात त्याच्याआधी— मला विचारलं ते मेमध्ये. त्याच्या ताटातली पोळी तशीच होती. मी वरून तूप वाढलं.