बाबाचं पोट बोलेना

ता. ९ जाने.
काल वेरावळहून निघालो, आज दुपारी तलासरीच्या हॉस्पिटलात. पाठ मोडली. बाबा वॉर्डात खिडकीजवळ. आतड्याला पीळ पडला होता, परवा ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, आतडं वाचलं, असं आई सांगते. म्हटलं झालं तर, घरी कधी? तर म्हणे पोट बंद पडलंय. चालू होत नाही.
मी खलाशी आहे ती मासेमारीची बोट मंगळवारी, १४ला रात्री सुटते. टंडेलाने, बोटीच्या मुख्य माणसाने, सुट्टी देतानाच सांगितलंय, वेळेवर नाही आलास तर तुझ्या जागी दुसरा चढेल.

१० जाने.
सकाळी डॉ. बाईंनी पोटावर नळी ठेवून ऐकलं. बराच वेळ. नाही म्हणून मान हलवली.
मी विचारलं, पीळ सुटला तर चालू का होत नाही? बोटीचं इंजिन खोलून परत बसवलं की लगेच चालू.
म्हणाल्या, "आतडं इंजिन नाही. हात लागला की गप्प बसतं. त्याच्या भिंतीतच त्याच्या नसा असतात, कधी पुढे ढकलायचं ते त्याच बघतात. तुम्ही-आम्ही सांगून होत नाही. आधी लहान आतडं जागं होतं, मग जठर, सगळ्यात शेवटी मोठं. वारा सरला की समजायचं, खालपर्यंत वाट मोकळी. तोवर तोंडात काही नाही."
म्हणजे आम्ही सगळे बाबाच्या पादायची वाट बघत बसलोय. बाजूच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा. येता-जाता विचारतो, सुटला का? मीही विचारलं तर बाबा चिडला. "बापाला हे विचारायला तुला चौथीपर्यंत शिकवला?"

तोच दिवस, संध्या.
डॉ. बाईंनी बाबाला च्युइंगम चघळायला सांगितलाय, गिळायचा नाही. तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण येतंय, खाली निरोप जातो. दुकानातून आणला. बाबाने तोंडात टाकला, जरा चावला, गिळला.
"गोड हाय. अजून हाय का?"
डोकं आपटावंसं वाटलं.

११ जाने.
गंजाडहून फुई आली. बाबाची मोठी बहीण. डब्यात नाचणीची पेज. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि नेलेलं आपल्या हाताने भरवल्याशिवाय उठत नाही. मी सांगितलं, फुई, काही द्यायचं नाय. "हां हां, नाय देत."
औषध आणायला खाली गेलो. वर आलो तर डबा अर्धा. आई भिंतीकडे बघत बसलेली. मोठ्या नणंदेला ती काय बोलणार.
"पातळ होती रे पोरा. पाणीच ते. उपाशी माणसाचं आतडं हलंल कसं?"
दुपारी पोट ढोलासारखं. मग उलटी, हिरवी. परत. प्रत्येक वेळी बाबा दोन्ही हातांनी टाके धरतो. नाकातून नळी घातली. डॉ. बाई मलाच ओरडल्या. घरात शिकलेला मीच ना.
फुईला झापायचं म्हणून बाहेर गेलो. पायरीवर बसली होती, डबा मांडीवर. म्हणाली, "आई शेतावर जायची तं याला मीच भरवायची. माझ्या हातचं कधी उलटलं नव्हतं."
झापायचं राहिलं, डबा घेऊन नळावर धुऊन आणला. त्याचाच राग येतोय.

१२ जाने.
काही नाही. नळीतून हिरवं पाणी. बाबाला धरून खिडकी ते दार चालवतो, चाललं की आतडं हलतं म्हणे. हलत नाही.
बोटीवर इंजिनचा आवाज बदलला तर मला झोपेतही कळतं. म्हणून बाबाच्या पोटाला कान लावला. बंदरात बांधून ठेवलेली बोट, इंजिन बंद. बाबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"काय रं, मासळी हाय का?"

१३ जाने.
सकाळी परत कान लावला. खोल कुठेतरी, गुडुक. एकदाच. आईला ऐकवायला गेलो तर बंद.
डॉ. बाईंनीही ऐकलं. "लहान आतडं हललंय. बरं आहे. मोठं अजून झोपलंय."
किती वेळ अजून?
"ते त्यालाच विचारा."
टंडेलाचा फोन. आवे छे के नहीं? म्हटलं, निघतो. बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "जा तू. माझ्या पोटाला काय तुझी गरज."

संध्या., अच्छाड
हायवेवर ढाब्याच्या खाटेवर लिहितोय, वेरावळच्या बसची वाट बघत. आईला एवढंच शिकवलंय, वारा सरला तर एक रिंग देऊन कट कर. बिघडलं तर वाजत ठेव. तिने मान हलवली. कळलं का नाही देव जाणे.
डाळ मागवली. फोडणीचा वास आला आणि माझं पोट गुरगुरायला लागलं. एवढं मोठ्याने की समोरचा ट्रकवाला हसला. त्या पोटाचा असा राग आला. कोणी विचारलंय तुला.
घास चावतो, गिळवत नाही. ताट तसंच.
एक बस येऊन थांबली. क्लीनर ओरडला, वेरावळ? मान हलवली, हो का नाही ते मलाच कळलं नाही. गेली. मागून अजून एक आहे, शेवटची.
फोन ताटाशेजारी उलटा ठेवला होता. सुलटा केला. रिंग अजून नाही.