बॅगेतला दुसरा चष्मा

तीर्थरूप मावशीला वाकून नमस्कार, आणि काकांना आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून मग नमस्कार. (गुडघ्यांबद्दल सविस्तर लिहायला त्यांना सांगू नकोस. मागच्या पत्रात चार पानं नुसत्या डाव्या गुडघ्यावर होती.) मी इथे मजेत आहे. वजन दोन किलो वाढलंय, आणि ते पलटणीच्या शिंप्याने माझ्याआधी ओळखलं.

तू लिहितेस की गल्लीत सगळ्यांना वाटतं, मी राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतो आणि कारभारात दोन शब्द सुचवतो. मावशी, हे तूच पसरवलं आहेस, तेव्हा आता तूच आवर. मी बसत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात आल्यापासून खुर्ची मला फक्त दुसऱ्यांसाठी मागे ओढायला मिळते. मॅडमच्या डावीकडे, दोन पावलं मागे, काळी बॅग घेऊन उभं राहायचं, हे माझं काम. त्या बॅगेत काय असतं याबद्दल बाहेर फार भीतिदायक बोललं जातं. असतं ते असं: भाषणाची जादा प्रत, खोकल्याच्या गोळ्या, सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि मॅडमचा दुसरा चष्मा. खांद्यावरचा सोनेरी गोफ दिसतो छान, पण मिळेल तिथे अडकतो. गेल्या महिन्यात एका राजदूतांच्या खुर्चीत अडकला. राष्ट्रगीताला ते उठले, खुर्ची मागे गेली आणि खुर्चीबरोबर मीही. (आमचे वरिष्ठ कर्नलसाहेब म्हणाले, परदेशाशी एवढी जवळीक आपल्या धोरणात बसत नाही.)

पण खरी गंमत मंगळवारी झाली. शौर्यपदकांचा समारंभ होता, सकाळी अकराला. गाडीत मॅडम फाईल घ्यायला वाकल्या आणि पुन्हा बसल्या त्या थेट चष्म्यावर. कट्ट असा आवाज आला. उतरताना त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. मी तर खूशच झालो. तीन वर्षं ती बॅग मी याच क्षणासाठी वाहत होतो ना! ऐटीत बॅग उघडली, चष्म्याचं घर काढलं, उघडलं, आणि आत काहीच नाही. आदल्या दिवशी स्क्रू घट्ट करायला म्हणून मीच तो चष्मा बाहेर काढला होता आणि इस्त्रीच्या टेबलावर विसरलो होतो.

सात मिनिटं उरली होती. कर्नलसाहेबांचा चष्मा लांबचं बघायचा, ड्रायव्हरला चष्माच नाही. "नावं मी वाचतो," कर्नलसाहेब म्हणाले. मॅडमनी मान हलवली. "पदक मी देणार, तर नावही मीच घेणार. पहिलं पदक ज्याचं आहे तो आता नाही. त्याची आई आलीय. तिच्यासमोर मी चाचपडणार नाही."

तेव्हा मी खिशातून एक चष्मा काढून पुढे केला. (तो कुठून आला ते विचारू नकोस, पत्र उगाच लांबेल.) कर्नलसाहेबांनी डोळे वटारले. मॅडमनी तो लावला, यादी जवळ धरली, लांब धरली आणि म्हणाल्या, "अहो, हा माझ्यापेक्षा बरा आहे. कुणाचा?"

"घरचाच आहे, मॅडम," मी म्हणालो.

बत्तीस नावं त्यांनी एकदाही न अडखळता वाचली. पहिल्या नावाला ती बाई पुढे आली. ठेंगणी, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती अशा साडीत. पदकाकडे तिने पाहिलंच नाही, मॅडमच्या ओठांकडे बघत राहिली. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर आलं तशी तिने हळूच मान डोलावली, शाळेत हजेरी घेताना आपल्या पोराचं नाव ऐकावं तशी. पुढची दोन मिनिटं मला नीट दिसलं नाही, मावशी, आणि त्याचा चष्म्याशी काही संबंध नव्हता.

नंतर मी गाशा गुंडाळायच्या तयारीनेच कर्नलसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी एकच विचारलं, "सुभेदार, त्या चष्म्याची सुरक्षा तपासणी झाली होती का?" झाली नव्हती. त्यासाठी अकरा रकान्यांचा फॉर्म असतो, तो भरत बसलो होतो, तेवढ्यात मॅडमचा निरोप आला की सुभेदारांना काही करू नका, मात्र यापुढे त्यांना इस्त्रीच्या टेबलाजवळ जाऊ देऊ नका. तेव्हा नोकरी शाबूत आहे, जेवण वेळेवर मिळतं, माझी काळजी नसावी.

तुझा लाडका भाचा

ता. क. येत्या रविवारच्या पेपरात समारंभातला मॅडमचा फोटो येईल. जांभळी फ्रेम, डाव्या काडीला हिरवा दोरा. होय, तोच. रजेवरून निघताना माझा समजून मी तुझाच उचलला होता. गल्लीत कुणाला सांगू नकोस. (सांगशीलच.) गेला महिनाभर तू चष्मा हरवल्याबद्दल काकांना बोलते आहेस, तेवढं आता थांबव.

ता. क. दुसरा. सोबतच्या कागदावर, 'चष्मा मी स्वखुशीने दिला' असं लिहिलंय तिथे सही करून तो उलट टपाली पाठव. सही कुठे करायची ते काकांना विचार, कारण चष्मा काही परत येत नाही. मॅडमना तो फार आवडलाय.