ढगाळ आभाळातलं मृग

रेवदंडा,
१३ फेब्रुवारी १९५८

प्रिय हिरामण,

इतक्या वर्षांनी ताईचं अक्षर पाहून दचकशील. घरी सगळे जिवंत आहेत, आधी तेवढं वाचून घे.

परवाची गोष्ट. माझ्या ठमीला मास्तरांनी कृत्तिका, रोहिणी, मृग नि व्याध आभाळात कुठे दिसतात ते पाटीवर काढून आणायला सांगितलं होतं. घरात बाबांसारखा मचवा हाकणारा तांडेल असताना ती दुसऱ्या कुणाला कशाला विचारेल? आपल्यालाही मचव्यावर बसवून त्यांनीच शिकवलं. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण, आणि तो मारणारा व्याध खाली आग्नेयेला. सप्तर्षींतल्या पुढच्या दोघांवरून रेघ ओढली की ध्रुव, मुंबईला जाताना तो पुढच्या टोकाला, नाळेसमोर ठेवायचा. तू चटकन शिकलास. मी दर वेळी रोहिणी चुकायचे.

दिवेलागण झाल्यावर बाबा अंगणात बसले, ठमीला जवळ घेतलं नि बोट वर केलं. "ही बग कृत्तिका, मूठभर करंदी सांडल्यासारखी. तिच्याजवळ तांबडी ती रोहिणी. मृग तर डोक्यावरच हाय. आज कसं लख्ख दिसतंय." मी भांडी घासता घासता वर पाहिलं. दुपारपासून अवकाळी ढग भरून आले होते. आभाळात एक चांदणी नव्हती, हिरामण. आजोबा थट्टा करतात असं वाटून ठमी हसत सुटली. बाबाही हसले, पण जरा उशिराने.

तिला आत पाठवून मी पाण्याचा तांब्या भरला आणि काही न बोलता त्यांच्यासमोर धरला. हातभर अंतरावर. त्यांनी तो घेतला नाही. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

"बाबा, दिसत न्हाय तुम्हाला?"

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मग म्हणाले, "दिवसा दिसतं. दिवस बुडाला की न्हाय."

"कधीपासून?"

"हिरामणला इचार. त्याला ठाव हाय."

मग एकेक बाहेर पडलं. इतकी वर्षं काळूराम खलाशी सुकाणूजवळ बसून हळू आवाजात त्यांना तारे सांगत होता. पौषात काळूराम तापाने अंथरुणाला खिळला, तो अजून उठलेला नाही. त्यानंतर बाबांनी मुंबईच्या दोन खेपा केल्या, दोन्ही रात्रीच्या. गालावरचा वारा नि लाटांचा आवाज, एवढ्यावर. त्या दोन्ही खेपांना रघू, माझा नवरा, नाळेवर होता. खांदेरी बेटाच्या खडकापासून मचवा जेमतेम वावभर अंतरावरून गेला असं त्याने घरी येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही ते बाबांचं कसब समजलो. मी कौतुकाने त्यांना माशाचा जास्तीचा तुकडा वाढला होता.

रघूला हे सांगितलं, तो जेवला नाही. सकाळी आम्ही दोघांनी जाऊन सुकाणूचा दांडा काढून आणला नि कुलपात ठेवला. बाबा ओट्यावरून बघत होते. अडवलं नाही. आज मला कागद घेऊन बसलेली पाहून एवढंच म्हणाले, "लिव त्याला. पण मी बोलावलं असं लिवू नको." तेव्हा त्यांनी बोलावलेलं नाही. मी बोलावतेय.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते. त्यांना रात्री दिसत नाही हे मचव्यावर तुझ्या लक्षात आलं, तेव्हा सुकाणू सोडा, नाहीतर मी उतरतो, असं तू त्यांना म्हणालास. त्यांनी तुला आईची शपथ घालून गप्प केलं आणि पोरगा दर्याला भ्यायला म्हणून गावभर सांगितलं. हे परवा त्यांच्याच तोंडून कळलं. मी तेव्हा ते खरं मानलं होतं. आईच्या बाराव्याला तू आलास, तेव्हा मीच दारात आडवी उभी राहिले. चार लोकांदेखत तुला भ्याड म्हटलं. तू एक वाक्य बोलला असतास तर मी बाजूला झाले असते. तू पाणीही न पिता परत गेलास, आणि आई गेल्यावरही तिची शपथ मोडली नाहीस. ये, हिरामण. लगेच माफ करू नकोस. तेव्हा बोलला नाहीस ते सगळं मला बोल. मी दारात नाही, धक्क्यावर उभी असेन.

तुझीच ताई,
केसर