रेडिओपाशी वहिनी

बाबा, आज वहिनीशी भांडून आले. या वयात! तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं, दात पडले तरी तुमचे भांडणं सरले नाही का?" भांडण तुमच्यावरूनच झालं.

लढाईचे दिवस होते. दादा फौजेत, समुद्रापार, म्हणून तुम्ही सक्करदऱ्याच्या घरी रेडिओ आणला. छपरावर दोन बांबूंना ताणलेली तार, आणि दुसरी न्हाणीमागं जमिनीत पुरलेली. ती जागा ओली राहिली तरच आवाज साफ येतो, म्हणून तिथं रोज बादलीभर पाणी ओतायचं. ते काम माझं. आणि काटा फिरवायचं काम वहिनीचं! कन्हानहून काल लग्न होऊन आलेली ती तुमच्या शेजारी पाटावर, आणि पोटची लेक चिखलात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी दारातून ऐकत असे. तुम्ही तिला सांगताय, "एम डब्ल्यू म्हणजे मिडियम वेव्ह, ते जवळच्यासाठी. आपल्याले दूरचं पाहिजे, एस डब्ल्यूवर घे, शॉर्ट वेव्ह. ते लहर आभाळाले टेकून येते. ऊन आहे तवर एकोणीस नाही तर पंचवीस मीटर. दिवस कलला का एकतीस, मग एकोणपन्नास." वहिनी काटा केसभर सरकवते. शिट्टी, खरखर, मग बातम्या. तुम्ही विचारता, "काय म्हणून राहिला तो?" ती वाक्य न् वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवते, तुम्ही मास्तरासारखी मान डोलवता. वाटायचं, सुनेला शहाणी करताहेत, आणि आम्ही आपले चुलीपाशी. एकदा मी समोर येऊन म्हटलं, "बाबा, मी लावू?" तर म्हणालात, "तू पाणी टाक वं माय." मी रागानं आत जाऊन पितळी ताट आदळलं. वहिनी दचकून वळली. तुम्ही मानसुद्धा फिरवली नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

इतक्या वर्षांनी आज ते तोंडातून निघालं. "तुले शिकवलं त्याईनं, मले नाही. सूनच लाडाची होती." वहिनी आधी हसली, मग चिडली. "शिकवत कुठं होते वं बाई? मामंजीले ऐकू येणं बंद होऊन राहिलं होतं. काटा कुठं न्यायचा ते ठाऊक होतं, पण ठेसन लागलं का नाही ते समजेना. म्हणून बातम्या माझ्या तोंडून ऐकत. मले शपथ घातली होती, पोरीले सांगू नको, रडत बसन."

कुणी म्हणेल, आता तरी हिचं मन निवलं असेल. कसलं निवतंय! काटा नाही मिळाला, ते मी कधीच गिळलं असतं. पण तुमचे कान गेले, आणि ते तुम्ही परक्या घरच्या पोरीला सांगितलंत. रडले असते मी, खरंय. तुमच्याजवळ बसून रडले असते ना! आज तिचा जितका हेवा वाटतोय, तितका तेव्हाही वाटला नव्हता.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते. वहिनीचं बोलणं संपल्यावर मी पदर खोचला, उठले आणि ठसक्यात म्हटलं, "मले माहीत होतं."

बाबा, मला काहीच माहीत नव्हतं.